जगात जर्मनी, भारतात परभणी: रेल्वेच्या नव्या आरक्षण यंत्रणेत मराठी नाव बसणार का?

जून २०२५ च्या शेवटी रेल्वे मंत्रालयानं काही बदल एकदम जाहीर केले. तात्काळ तिकिटासाठी खात्याची ओळख पटवणं आणि चार्ट चारऐवजी आठ तास आधी लागणं, या दोन बातम्या सगळीकडे फिरल्या. त्याच घोषणेतली तिसरी गोष्ट मात्र मागं पडली. रेल्वेची आरक्षण यंत्रणा, म्हणजे पीआरएस, नव्यानं बांधली जातेय आणि ती डिसेंबर २०२५ पर्यंत आणायचं तेव्हा ठरलं होतं. मिनिटाला ३२ हजार तिकिटांऐवजी दीड लाखाहून जास्त तिकिटं निघतील आणि मिनिटाला ४ लाख चौकशांऐवजी ४० लाखांहून जास्त चौकशा झेपतील, असं मंत्रालयानं सांगितलं. सोबत एक शब्द होता: बुकिंगचा आणि चौकशीचा इंटरफेस 'बहुभाषिक' असेल.

आज याच शब्दाबद्दल बोलू. मी परभणीचा. आमच्या घरातली आणि गल्लीतल्या निम्म्या लोकांची तिकिटं काढायचं काम माझ्याकडे असतं. तुमच्याही घरी हीच गत असणार. म्हणजे आजीचं, मामाचं, शेजारच्या काकांचं नाव रेल्वेच्या मशीनमध्ये टाइप करणारे आपणच. म्हणून 'बहुभाषिक' म्हणजे नेमकं काय, हे आपल्याला माहीत पाहिजे.

माझं म्हणणं आधीच सांगतो. एखाद्या मोठ्या मशीनला नवी भाषा शिकवायची तर तीन वेगवेगळ्या ठिकाणी काम करावं लागतं: पडद्यावरची वाक्यं, ठरलेल्या गोष्टींची नावं आणि माणसांची नावं. पहिलं काम दिसतं आणि त्यामानानं सोपं असतं. तिसरं दिसत नाही, अवघड असतं आणि बांधकाम चालू असतानाच करावं लागतं. घोषणेतला शब्द पहिल्या कामाबद्दल आहे. आपलं घोडं अडतं ते तिसऱ्यापाशी.

हे मशीन असतं तरी कुठं?

आपण फोनवर बटण दाबतो, पण तिकीट फोनमध्ये तयार होत नाही. दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद अशा पाच ठिकाणी पीआरएसची मोठी केंद्रं आहेत. परभणी जंक्शन दक्षिण मध्य रेल्वेच्या नांदेड विभागात येतं, त्यामुळं आपलं नातं सिकंदराबादच्या केंद्राशी. नोव्हेंबर १९८५ मध्ये नवी दिल्लीत संगणकावरचं आरक्षण सुरू झालं. १९८६ मध्ये रेल्वेनं 'क्रिस' ही स्वतःची संगणक संस्था काढली. तिनं बनवलेल्या 'कॉन्सर्ट' या सॉफ्टवेअरनं एप्रिल १९९९ पर्यंत ही पाचही केंद्रं एकमेकांना जोडली. तेव्हापासून कुठल्याही खिडकीवरून कुठलंही तिकीट काढता येऊ लागलं. आयआरसीटीसीची वेबसाइट आली ती त्यानंतर, २००२ मध्ये.

२०२५ च्या पावसाळी अधिवेशनात रेल्वेमंत्र्यांनी संसदेत सांगितलं, की सध्याची यंत्रणा २०१० मध्ये बसवलेली असून ती इटॅनियम सर्व्हरवर आणि ओपनव्हीएमएस या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालते. ओपनव्हीएमएसचं मूळ १९७७ मधलं आहे. आणि इटॅनियम चिपची शेवटची खेप इंटेलनं जुलै २०२१ मध्ये रवाना केली. चिपच बंद झाल्यावर यंत्रणा बदलावी लागणारच होती.

काटेकोर बोलायचं तर मेनफ्रेम हा शब्द आयबीएमच्या मोठ्या मशीनसाठी वापरतात आणि रेल्वेचं मशीन त्या जातीचं नाही. पण कामाची पद्धत तीच आहे. मध्यभागी एक ताकदवान मशीन, भोवती हजारो खिडक्या आणि लाखो फोन. भाषेचे प्रश्नही तेच.

पहिलं काम: पडद्यावरची वाक्यं

चांगल्या पद्धतीनं लिहिलेल्या मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये 'जागा शिल्लक नाही' हे वाक्य प्रोग्रामच्या पोटात लिहिलेलं नसतं. प्रोग्राम फक्त एक क्रमांक सांगतो, समजा संदेश क्रमांक ४१२. बाजूला प्रत्येक भाषेची एक वेगळी फाइल असते. इंग्रजीच्या फाइलमध्ये ४१२ समोर इंग्रजी वाक्य, मराठीच्या फाइलमध्ये मराठी. भाषा बदलली की फाइल बदलते, प्रोग्रामला हात लावावा लागत नाही. आयबीएमच्या मेनफ्रेमवर ही सोय फार जुनी आहे. तिथं वापरणारा आपली पहिली भाषा आणि दुसरी भाषा अशा दोन ठरवून ठेवू शकतो. पहिल्या भाषेत संदेश सापडला नाही तर दुसरीत दाखवायचा.

ही 'दुसरी भाषा' लक्षात ठेवा. एखादं ॲप मराठीत लावलं की मेनू मराठी दिसतो, पण काही चुकलं की लाल अक्षरांतली सूचना इंग्रजीत येते, हे तुम्ही पाहिलं असेल. कारण एवढंच, की रोजची शंभर वाक्यं कुणीतरी भाषांतरित केली आणि क्वचित लागणारी हजार वाक्यं राहून गेली. खरं तर सगळं नीट चाललेलं असताना माणूस अंदाजानं बटणं दाबू शकतो. पैसे कटले आणि तिकीट आलं नाही, अशा वेळी मात्र सूचना समजायलाच पाहिजे. म्हणून एखाद्या यंत्रणेचं मराठी तपासायचं असेल तर तिचं पहिलं पान बघू नका, तिची तक्रार बघा.

दुसरी अडचण व्याकरणाची. इंग्रजीत गावाचं नाव काहीही असो, आधी एक शब्द लावला की काम भागतं. मराठीत गाव बदललं की शब्दाचं रूप बदलतं. परभणीहून, सेलूहून, गंगाखेडहून इथपर्यंत ठीक आहे. पण जालना आलं की जालन्याहून, आणि पुणे आलं की पुण्याहून. मशीनकडे असतो एक साचा आणि साच्यात एक मोकळी जागा. त्या जागेत 'जालना' टाकून पुढं 'हून' चिकटवलं की 'जालनाहून' असं काहीतरी विचित्र तयार होतं. यावर सरकारी मराठीनं संगणक यायच्या आधीपासून एक युक्ती काढलेली आहे: 'येथून'. 'जालना येथून', 'पुणे येथून'. ऐकायला कोरडं वाटतं, पण शब्द मोडत नाही. आकड्यांचंही तसंच. 'एक जागा शिल्लक आहे' पण 'पाच जागा शिल्लक आहेत'. हा फरक पाळायचा तर एका साच्याचे दोन साचे करावे लागतात.

आणि शब्द कुठून आणायचे? रेल्वेच्या मराठीत हिंदीतून सरळ उचललेले शब्द बरेच येतात. गाडी 'निरस्त' होते, तिचं 'प्रस्थान' होतं. आपल्याकडे गाडी रद्द होते आणि सुटते. 'प्रतीक्षा यादी' हा शब्द चांगला आहे, पण परभणीच्या खिडकीवर सगळे 'वेटिंग'च म्हणतात. भाषांतर करणाऱ्यानं हिंदी फाइल समोर ठेवून मराठी फाइल भरली, की मराठी दिसणारी हिंदी तयार होते. त्यामुळं भाषांतराची फाइल भरणारा माणूस मराठीत तिकीट काढणारा असावा, ही अपेक्षा काही फार मोठी नाही.

दुसरं काम: गावांची नावं

हे काम रेल्वेनं फार पूर्वीच अर्धं करून ठेवलंय. मशीनच्या दृष्टीनं परभणी म्हणजे पीबीएन, पूर्णा म्हणजे पीएयू, गंगाखेड म्हणजे जीएनएच, मानवत रोड म्हणजे एमव्हीओ. तिकिटाच्या नोंदीत हा कोड साठवला जातो. कोडसमोर नाव कुठल्या लिपीत दाखवायचं ते एका तक्त्यावरून ठरतं. तक्त्यात मराठीचा एक रकाना वाढवला आणि एकदा काळजीपूर्वक भरला की काम संपलं. देशातली सगळी स्टेशनं मिळून काही हजार होतात. ही यादी माणसं बसून तपासू शकतात.

तपासायला मात्र पाहिजे. रोमन लिपीत परभणीचा शेवट एन-आय असा होतो. त्यावरून मशीननं स्वतःच्या बुद्धीनं देवनागरी केली तर 'परभनी' होण्याची पूर्ण शक्यता असते, कारण रोमनमध्ये न आणि ण एकच. परळीचं 'परली' होतं, कारण ल आणि ळ एकच. स्टेशनच्या फलकावर परभणी अशी अक्षरं वर्षानुवर्षं आहेत. ॲपमध्ये 'परभनी' दिसलं तर समजायचं, की तक्ता कुणी भरला नाही, मशीनला अंदाज करायला सोडलं.

तिसरं काम: माणसाचं नाव

गावांची यादी संपते. माणसांची संपत नाही. रोज नवी लाखो नावं येतात आणि ती तक्त्यात आधीपासून असू शकत नाहीत. इथं प्रश्न मशीनच्या पोटात जातो.

संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. आपल्या फोनच्या जगात रोमन ए म्हणजे ६५. आयबीएमनं १९६४ मध्ये आणलेल्या मेनफ्रेमच्या जगात तोच ए म्हणजे १९३. या दोन जगांत साधं इंग्रजी नाव पाठवायचं तरी मध्ये दुभाष्या लागतो. ते सगळे आकडे इंग्रजी डोळ्यांसमोर ठेवून वाटलेले होते. बाकीच्या भाषांनी उरलेल्या जागेत आपली सोय लावायची.

आता आपली म्हण आठवा: जगात जर्मनी, भारतात परभणी. या बाबतीत जर्मनीची आणि परभणीची गोष्ट खरंच सारखी आहे. जर्मन भाषेत ए, ओ आणि यू या अक्षरांवर दोन टिंबं देऊन वेगळे उच्चार लिहितात. मेनफ्रेमवर या अक्षरांना जागा नव्हती. मग जर्मनीसाठी आकड्यांचा वेगळा तक्ता निघाला, क्रमांक २७३. त्यात महिरपी कंसाच्या जागी टिंबवाला ए बसवला. परिणाम असा, की अमेरिकेत लिहिलेल्या फाइलमधला कंस जर्मनीत उघडल्यावर अक्षर होऊन दिसायचा आणि जर्मन माणसाचं नाव अमेरिकेत उघडलं की मधेच कंस. देवनागरीसाठीही आयबीएमचा असा तक्ता आहे, क्रमांक ११३७. पण असे देशोदेशीचे तक्ते एकाच नोंदीत एकत्र नांदत नाहीत.

भारतानं यावर स्वतःचा रस्ता काढला होता आणि त्याचं मोठं काम पुण्यात झालं. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं 'जिस्ट' तंत्रज्ञान १९८८ च्या सुमारास सी-डॅकमध्ये पुण्याला आलं. इस्की नावाचं भारतीय प्रमाण १९८८ मध्ये ठरलं आणि १९९१ मध्ये सुधारून आयएस १३१९४ या क्रमांकानं छापलं गेलं. इस्कीची कल्पना साधी होती. आठ बिटांत २५६ आकडे बसतात. पहिल्या निम्म्यात रोमन तशीच ठेवायची आणि दुसऱ्या निम्म्यात भारतीय अक्षरं बसवायची. देवनागरी, तेलुगू, गुजराती, बंगाली या सगळ्यांत क ला एकच आकडा. लिपी फक्त दाखवताना बदलायची. त्यामुळं मधल्या मशीनला मराठी कळायची गरजच नव्हती. ते आकडे जसेच्या तसे सांभाळायचं, आणि समोरचं टर्मिनल किंवा पीसीतलं जिस्ट कार्ड त्यांची अक्षरं करून दाखवायचं. रेल्वेच्या आरक्षण तक्त्यांसाठीही हे तंत्रज्ञान वापरलं गेलं.

पुढं युनिकोड आलं आणि जगभर तेच चाललं. आज तुमच्या फोनवर दिसणारी देवनागरी युनिकोडची आहे, आणि तिची मांडणी १९८८ च्या इस्कीवरूनच घेतलेली आहे. फायदा मोठा झाला: जर्मनीची टिंबं आणि परभणीचा ण एकाच ओळीत बसू लागले. पण एक किंमत मोजावी लागली, ती जागेची. इंटरनेटवर सर्वाधिक चालणाऱ्या यूटीएफ-८ पद्धतीत रोमन अक्षराला एक बाइट लागतो आणि देवनागरीच्या प्रत्येक खुणेला तीन. काना, मात्रा, हलन्त या सगळ्या वेगळ्या खुणा मोजल्या जातात.

आता प्रत्यक्ष करून बघू. समजा जुन्या यंत्रणेत नावासाठी १५ बाइटचा रकाना आहे. ज्ञानेश्वर हे नाव रोमनमध्ये ११ अक्षरांचं. बसलं. इस्कीमध्ये त्याच्या दहा खुणा होतात: ज, हलन्त, ञ, काना, न, मात्रा, श, हलन्त, व, र. दहा बाइट, हेही बसलं. यूटीएफ-८ मध्ये मात्र दहा गुणिले तीन, म्हणजे ३० बाइट. १५ बाइटच्या रकान्यात पहिल्या पाचच खुणा मावतात. ज, हलन्त, ञ, काना, न. प्रवाशाचं नाव झालं 'ज्ञान'. ईश्वर बाहेरच राहिला.

तुम्ही म्हणाल, रकाना मोठा करा की. जुन्या पद्धतीच्या नोंदींत ते सोपं नसतं. नाव पहिल्या ते पंधराव्या घरात, वय सोळाव्या-सतराव्या घरात, अशी घरं मोजून ठेवलेली असतात. तीच नोंद चार्ट छापणारा प्रोग्राम वाचतो, टीटीईच्या हातातलं यंत्र वाचतं, परताव्याचा प्रोग्राम वाचतो. नाव लांबवलं की पुढचं सगळं सरकतं आणि वयाच्या जागी नावाचं शेपूट येतं. म्हणून रकान्याची लांबी एकदा ठरली की पंधरा-वीस वर्षं कुणी हलवत नाही. ती ठरवायची वेळ म्हणजे नवीन बांधकामाची वेळ. म्हणजे आत्ता.

मशीननं नाव आपोआप बदललं तर?

'नाव रोमनमध्येच ठेवू आणि दाखवताना देवनागरी करू' असा सोपा मार्ग कुणीही सुचवेल. आरक्षण तक्त्यावर अशी देवनागरी नावं पूर्वीही यायची. स्टेशनवर आपलंच नाव शोधताना हसू आलेलं असेल अनेकांना.

यात अडचण अशी, की मराठीचं रोमन झालं तेव्हाच माहिती हरवलेली असते. हरवलेली माहिती मशीन परत कुठून आणणार? के-ए-एल-ई हे आडनाव घ्या. काळे, काले, कळे, कले, यातलं कुठलंही असू शकतं. ज्ञानेश्वर आपण डी-एन-वाय असं सुरू करतो, कारण आपला ज्ञ 'द्न्य' असा उच्चारतात. हिंदी उच्चाराचे नियम शिकलेलं सॉफ्टवेअर जी-वाय ची वाट बघत असतं. त्याला डी-एन-वाय दिलं की 'द्न्यानेश्वर' बाहेर येतं. शिवाय सचखंड एक्सप्रेससारखी गाडी नांदेडहून सुटते, परभणीवरून जाते आणि अमृतसरला पोचते. तिच्या एका यादीत मराठी, हिंदी आणि पंजाबी नावं शेजारीशेजारी असतात. कुठल्या नावाला कुठल्या भाषेचे नियम लावायचे हे रोमन अक्षरांवरून कळत नाही.

बरं, नाव सरळ देवनागरीत टाइप केलं म्हणजे सगळं सुटलं असंही नाही. कुऱ्हाडे हे आडनाव घ्या. त्यातला अर्धा र युनिकोडमध्ये दोन वेगवेगळ्या प्रकारे लिहिता येतो, आणि कोणता प्रकार उमटेल ते कीबोर्डवर ठरतं. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात. मशीनच्या आतले आकडे मात्र वेगळे. एका कीबोर्डवरून नोंदवलेलं कुऱ्हाडे दुसऱ्या कीबोर्डवरून शोधलं तर 'असा प्रवासी नाही' असं उत्तर येऊ शकतं. यावर उपाय आहे: साठवण्याआधी सगळी रूपं एकाच रूपात आणायची. पण ते कुणीतरी ठरवून करावं लागतं.

नावाचा हा घोळ रेल्वेपुरता नाही. सातबाऱ्यावर नाव देवनागरीत असतं, बँकेच्या खात्यात बहुधा रोमनमध्ये, आधारवर दोन्हीत. पीकविमा असो की अनुदान, कुठंतरी ही नावं एकमेकांशी ताडून बघितली जातात. जिंतूर किंवा पालमच्या शेतकऱ्याला एका अक्षरासाठी सेतू केंद्राचे हेलपाटे घालावे लागतात. त्या माणसानं काहीच केलेलं नसतं. त्याच्या नावाचा एक प्रवास मराठीतून रोमनमध्ये झालेला असतो आणि परतीचा रस्ता कुणी बांधलेला नसतो.

मग करायचं काय?

पुन्हा जर्मनीकडे बघू. जर्मन पासपोर्टवर म्युलर आडनावाच्या माणसाचं नाव दोनदा येतं. वर छापलेल्या भागात टिंबं देऊन, जसं तो स्वतः लिहितो तसं. खाली मशीननं वाचायच्या दोन ओळींत टिंबांशिवाय, यू नंतर ई लावून. दोन्ही रूपं अधिकृत. माणसासाठी एक, जगातल्या कुठल्याही विमानतळावरच्या यंत्रासाठी एक. एकातून दुसरं ओळखायचा अंदाज कुणालाच करावा लागत नाही.

आपल्यालाही हेच लागेल. रोमन नाव काढून टाका असं मी म्हणणार नाही. सिकंदराबादच्या टीटीईला आणि अमृतसरच्या कर्मचाऱ्याला वाचता येईल अशी एक सामाईक लिपी गाडीत लागतेच. पण त्याच्या शेजारी दुसरा रकाना पाहिजे, आणि तो प्रवाशानं स्वतः बघून 'हे बरोबर आहे' म्हटल्यावरच भरला जावा. आधारची नोंदणी करताना हीच पद्धत आहे: मशीन दुसऱ्या लिपीतलं नाव सुचवतं, माणूस तपासतो, मग नोंद होते. आयआरसीटीसीवर नेहमीच्या प्रवाशांची यादी साठवून ठेवायची सोय आधीच आहे. त्या यादीत 'आपल्या भाषेत नाव' असा एक रकाना वाढला की दर वेळी टाइप करायची कटकटही नाही. एकदा भरा, कायम वापरा.

खर्चाचा मुद्दा खरा आहे, तो लपवायचं कारण नाही. एसएमएसचंच घ्या. रोमनमध्ये एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं जातात, देवनागरीत फक्त ७० खुणा. मजकूर त्याहून लांब झाला की त्याचे तुकडे पडतात आणि प्रत्येक तुकड्यात ६७ खुणाच मावतात. म्हणजे १४० खुणांचा मराठी संदेश तीन एसएमएसचा होतो, तेवढाच रोमन संदेश एकात बसतो. रोजच्या लाखो तिकिटांवर हा आकडा मोठा होणार. पण गाडी कुठल्या फलाटावर येणार हे आजीला स्वतः वाचता आलं नाही, तर तिला कुणालातरी विचारावं लागतं. ती किंमत आजी भरते, म्हणून ती कुठल्याच हिशेबात दिसत नाही. मधला मार्गही आहे: एसएमएस आखूड ठेवायचा आणि सविस्तर माहिती ॲपमध्ये मराठीत द्यायची. ॲपमधल्या सूचनेला ७० खुणांचं बंधन नाही.

३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्रानं मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. आनंद सगळ्यांना झाला, मलाही झाला. पण नोंदीतला रकाना कुठल्याही दर्जानं लांब होत नाही. तो रचना करणाऱ्या अभियंत्याला कुणीतरी सांगितल्यावर लांब होतो. मराठवाड्यातल्या प्रवासी संघटना दुहेरीकरण, नव्या गाड्या, थांबे यासाठी वर्षानुवर्षं निवेदनं देत आल्यात. त्याच निवेदनात एक ओळ वाढवायला काही हरकत नाही: नव्या पीआरएसमध्ये प्रवाशाचं नाव त्याच्या लिपीत साठवायची सोय करा. विभागीय पातळीवर रेल्वे वापरकर्त्यांची सल्लागार समिती असते, तिथं हा विषय मांडता येतो. संघटनेतल्या ज्येष्ठांना बाइट आणि युनिकोड समजावून सांगायचं काम आपल्या वयाच्या कुणीतरी करायला पाहिजे.

नवी यंत्रणा उघडेल त्या दिवशी तुम्ही स्वतः करून बघाव्यात अशा चार चाचण्या देतो.

१. भाषा मराठी लावा आणि मुद्दाम मागची तारीख टाकून गाडी शोधा. सूचना मराठीत आली तर भाषांतर मनापासून झालंय.

२. स्टेशन शोधताना देवनागरीत 'परभणी' टाइप करा, मग 'परळी'. ण आणि ळ शाबूत राहतात का बघा.

३. प्रवाशाच्या नावात 'ज्ञानेश्वर कुऱ्हाडे' टाकून बघा. रकाना देवनागरी घेतच नाही, की घेऊन मध्येच तोडतो, की पूर्ण ठेवतो, यावरून आतली रचना कळते. हे पैसे भरायच्या आधीच थांबवा.

४. एखादं खरं तिकीट पुढं रद्द करायची वेळ आली, तर परताव्याचा संदेश कुठल्या भाषेत येतो ते पाहा. पैशाचा संदेश सगळ्यात शेवटी भाषांतरित होतो, असा माझा अनुभव आहे.

यातली पहिली, दुसरी आणि चौथी चाचणी नापास झाली तर दुरुस्ती नंतरही होऊ शकते. फाइल बदलायची, तक्ता भरायचा. तिसरी नापास झाली, तर पुढची यंत्रणा येईपर्यंत थांबावं लागेल. २०१० मध्ये बसवलेली आत्ता बदलतेय, यावरून किती वर्षं ते तुम्हीच मोजा. म्हणून स्क्रीनशॉट काढून ठेवा, आणि खाली तालुका लिहून प्रवासी संघटनेकडे द्या. परभणी, जिंतूर, सेलू, मानवत, पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा: नऊ तालुक्यांतून नऊ स्क्रीनशॉट आले तरी निवेदनाला जोडायला पुरावा तयार होतो.